क्यूचं नळकांडं

माझ्या हातून आजवर एकच टिकाऊ वस्तू घडली, आणि तिच्यापायी एका माणसाची नोकरी गेली. वस्तू अजून घरात आहे. माळ्यावर आडवी पडलेली असते. बायको दर दिवाळीला विचारते, हे टाकायचं का, आणि मी दर दिवाळीला नको म्हणतो. तिला वाटतं, मला त्या वस्तूचा अभिमान आहे.

लढाई सुरू होण्याआधीच्या चार-पाच वर्षांतली गोष्ट. मी लोणावळ्याला स्टेशनावर माल कचेरीत कारकून होतो. गावातल्या बड्या मंडळींनी बाजारामागे एका भाड्याच्या बंगलीत क्लब काढला होता. बडी मंडळी म्हणजे एक निवृत्त मामलेदार, एक डॉक्टर, एक इमारतींचे कंत्राटदार आणि दोन वकील. वकील रोज सकाळी वडगावच्या कोर्टात जात आणि रोज संध्याकाळी पुढची तारीख घेऊन परत येत. मामलेदार आमचे अध्यक्ष. नोकरीत असताना लोक त्यांच्यापुढे उभे राहत, निवृत्तीनंतर ते राहीनासे झाले, म्हणून त्यांनी क्लब काढला असं माझं मत आहे. ते मी आज मांडतो आहे. तेव्हा मी त्यांच्यापुढे उभाच असे.

क्लबाचं वैभव म्हणजे बिलियर्डचं टेबल. कायमचा विलायतेला निघालेल्या खंडाळ्याच्या एका साहेबाकडून ते घेतलेलं. टेबल बंगलीच्या दारातून आत जाईना, म्हणून अध्यक्षांनी भिंत पाडायचा हुकूम दिला. भिंत पडल्यावर मार्करनं सांगितलं की टेबलाचे सगळे भाग सुटे होतात. त्याला आधी का नाही बोललास म्हणून विचारलं, तर म्हणाला, "मला कुणी इचारलं न्हाई."

हा मार्कर म्हणजे खेळणाऱ्यांचे गुण मोजणारा, चेंडू मांडणारा, टेबलाची निगा राखणारा नोकर. तळेगावजवळच्या परंदवडीच्या मुसलमान शेतकरी कुटुंबातला. पोरसवदा असताना त्या साहेबाकडे बागेत पाणी घालायला लागला आणि पुढं बिलियर्डच्या खोलीत गेला, तो तिथंच पन्नाशीला पोचला. साहेबानं टेबल विकलं तेव्हा हा टेबलाबरोबर आमच्याकडे आला. अध्यक्ष पाहुण्यांना टेबल दाखवताना त्यालाही दाखवत, जणू टेबलाला आठ पाय आहेत आणि हा नववा. क्लबामागच्या खोलीत तो राही. बायको आणि सून परंदवडीला. आम्ही सगळे त्याला मार्कर म्हणत असू. मी एकटा, कोणी नसताना, चाचा म्हणे. कोणी असताना मार्कर. माझा मोठेपणा एवढाच.

लोणावळ्याच्या पावसात बिलियर्डचं टेबल जिवंत ठेवणं हे सोपं काम नाही. आषाढात भिंतींना पाझर फुटतो, कपाटातल्या चपलांना हिरवी लव येते, मीठ पाण्यासारखं होतं. मार्कर दुपारी टेबलाखाली दोन शेगड्या ठेवी आणि वर जड इस्त्री फिरवी. कापडावरची लव एकाच दिशेनं बसली पाहिजे, नाहीतर चेंडू वाकडा जातो. आमचे चेंडू तसेही वाकडेच जात. पण खापर कापडावर फोडायची सोय मार्कर आम्हाला ठेवत नसे, म्हणून काही मंडळींचा त्याच्यावर राग होता.

त्याला पगाराशिवाय एक हक्क होता. दर तीन-चार वर्षांनी टेबलाचं हिरवं कापड बदललं की जुनं कापड मार्करचं. ही साहेबाच्या वेळची रीत, आम्ही पुढं चालवली. त्या कापडाच्या तो बंड्या शिवून घेई. विलायती लोकर, वीस वर्षं फाटत नाही. परंदवडीत चार-पाच म्हातारे थंडीत गर्द हिरव्या बंड्या घालून पारावर बसलेले दिसत. एकदा कंत्राटदार तिकडे दगडाची खाण बघायला गेले होते. परत येऊन म्हणाले, "अहो, अख्खं गाव आपलं टेबल पांघरून बसलंय!" तेव्हा सगळे हसले होते. मीही हसलो.

माझं अक्षर चांगलं म्हणून मला क्लबाचा सेक्रेटरी केलं होतं. सेक्रेटरीनं वर्गणी वेळेवर दिली नाही तरी चाले. मात्र सभेचं इतिवृत्त सुवाच्य लिहिलं पाहिजे, आणि अध्यक्षांनी जे बोलायला हवं होतं ते ते बोलले असं लिहिलं पाहिजे.

आता क्यूबद्दल, म्हणजे बिलियर्ड खेळायच्या काठीबद्दल. घाटातल्या इंजिनावरचा एक गोरा ड्रायव्हर बदली होऊन चालला होता. त्याच्या सामानाची पार्सलं मी नीट रवाना केली म्हणून त्यानं आपला क्यू मला दिला. पाच फुटांची सरळ काठी, हातात धरायच्या टोकाला काळ्या लाकडाचं नक्षीकाम. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, आता मी खेळाडू झालो.

घरून क्लबापर्यंत क्यू हातात घेऊन मी पहिल्यांदा गेलो तो मंगळवार, म्हणजे बाजाराचा दिवस. भाताच्या पोत्यांवर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं मला थांबवलं.

"काय सायेब, म्हशी कुटं सोडल्या?"

शेजारचा म्हणाला, "म्हशी न्हाईत रं. काठी बग की, येकदम गुळगुळीत. मास्तर असनार."

"मास्तर? मग पोरांची काय खैर न्हाई!"

दुसऱ्या आठवड्यात मी गल्लीतून गेलो. गल्लीत एका बाईनं विचारलं, भाऊ, जाळं काढायला येता का, आमच्या माजघरात लय झालंय. मग मी ठरवलं की क्यूला पेटी हवी.

पेटीचा नमुना क्लबातच होता. अध्यक्षांकडे मुंबईहून आणलेली काळी चकचकीत पत्र्याची नळी होती, पितळी कुलपाची. आत काय आहे हे कोणी विचारलं नाही तरी ते सांगत. तशी नळी विकत घेणं मला परवडलं नसतं असं मी बायकोला सांगितलं. खरं म्हणजे परवडली असती. पण अध्यक्षांसारखीच घेतली तर त्यांना आवडणार नाही, ही भीती होती. आपल्या हातानं, टाकाऊ सामानातून बनवली की ती बरोबर त्यांच्याहून थोडी कमी दिसेल आणि कौतुकही होईल. माझ्या काटकसरीच्या मागे नेहमी असंच काहीतरी असतं.

माल कचेरीच्या मागे भंगार पडलेलं असे. तिथून छपराच्या पागोळीची एक पत्र्याची नळी मी उचलली. ती जुनी होती, पण एका बाजूला धड होती. दुधाच्या पावडरीचा एक डबा घेतला. त्याचा बुडाकडचा भाग कापून नळीच्या खालच्या तोंडाला डाख देऊन जोडला, आणि झाकण वरच्या तोंडाला बसतं का पाहिलं. सैल बसत होतं. डाख देताना दोन बोटं भाजली आणि धोतराला भोक पडलं. बाहेरून काजळी आणि जवसाचं तेल कालवून फासलं. ते आठ दिवस वाळलं नाही, पावसाळाच तो, आणि आठ दिवस घरातल्या प्रत्येकाच्या कुठं ना कुठं काळा डाग होता. वरून मालगाडीच्या वाघिणीवरच्या फाटक्या ताडपत्रीचा तुकडा गुंडाळला. जुन्या होल्डॉलचा चामडी पट्टा खांद्याला अडकवायला लावला. सगळं झाल्यावर ते उभं केलं तर शेजारच्या घरातली आजी म्हणाली, "बंबाचं धुराडं का हो काढलंत?"

पण आत अस्तर हवंच होतं. उघड्या पत्र्यावर क्यू घासला असता, आणि झाकणही सैल होतं. अस्तराचं कापड नळीच्या तोंडावरून बाहेर दुमडलं तर झाकण घट्ट बसेल, ही कल्पना मला स्टेशनात पावत्या फाडताना सुचली आणि मी स्वतःवर फार खूश झालो.

टेबलाचं नवं कापड श्रावणात मुंबईहून आलं होतं. पाऊस संपल्यावर, आश्विनात, तिकडचाच कारागीर येऊन ते चढवणार होता. तोवर गासडी कपाटात. कपाटाची किल्ली सेक्रेटरीकडे. एक दिवस मी चहाच्या कपांची मोजदाद करायला कपाट उघडलं आणि गासडीची सुतळी सैल झालेली दिसली. आत एक मोठी घडी होती, आणि तिच्यावर वेगळी एक लांबलचक अरुंद पट्टी गुंडाळून ठेवलेली. रुंदी दोन-अडीच वीत असेल, आणि लांबी भरपूर.

मला वाटलं, हे वरचं. कापडवाला थान मोजून झाल्यावर हातभर जास्त सोडतो, भाजीवाली मूठभर कोथिंबीर घालते, तसं मुंबईच्या दुकानानं काठाचं कातरण वर घातलं असणार. मोठी घडी टेबलावर चढणार, ही पट्टी कशाला लागणार? सहा वर्षं मी त्या टेबलाभोवती फिरत होतो. टेबलाच्या चारी कडांना रबराच्या गाद्या असतात, चेंडू त्यांना आपटून परत येतो, आणि त्या गाद्यांवरही कापडच असतं, हे मी हजार वेळा पाहिलं होतं. ते कापड कुठून येतं हा प्रश्न मला कधी पडला नाही. मार्करला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. पण सेक्रेटरीनं मार्करला काय विचारायचं?

पट्टी मी घरी नेली. एवढी ही चूक आहे, चोरी नाही. पण ती मी कोटाच्या आत पोटाशी धरून नेली, हेही लिहायला हवं.

बायकोनं तिची लांब अरुंद पिशवी शिवली. कापडावरून हात फिरवून म्हणाली, "किती मऊ आहे हो. कुठून आणलंत?"

"उरलेलं होतं."

"एवढं चांगलं उरतं?"

"क्लबात उरतं."

पिशवी बांबूवर चढवून मी नळीत सारली, तोंडाशी दुमडली आणि खळीनं चिकटवली. झाकण आता असं घट्ट बसलं की पहिल्या दिवशी ते निघेचना. क्लबात सगळ्यांनी ओढून पाहिलं. डॉक्टर म्हणाले, प्रसूतीचा चिमटा आणतो. कंत्राटदारांनी त्याला तोफ म्हटलं आणि ते नाव पडलं. शेवटी मार्कर पुढं आला. त्यानं नळकांड्याचा तळ जमिनीला टेकवला, झाकणाच्या डोक्यावर तळव्यानं एक थाप मारली आणि डावीकडे फिरवत हळूच ओढलं. निघालं. तोपर्यंत मंडळी कंटाळून पत्त्यांकडे वळली होती. मार्करनं आत पाहिलं, क्यू काढला आणि मला दिला.

त्यानंतर रोज तोच उघडे. ओल वाढत गेली तसं दुमडलेलं कापड फुगलं. थाप न मारता नुसतं ओढलं तर झाकण आणखी आवळे. मलाही ती युक्ती जमायला लागली होती. पण उघडून द्यायला माणूस आहे म्हटल्यावर आपण कशाला वाका?

आश्विनात कारागीर आला. जुनं कापड निघालं, मोठी घडी उलगडली, खाली अंथरली, पाहिली. मग तो गासडीत हात घालून चाचपू लागला.

"गाद्यांची पट्टी?"

"कसली पट्टी?" अध्यक्ष म्हणाले.

"गाद्यांना चढवायची. वेगळी येते. मी स्वतः बांधून पाठवली."

मी तिथंच, खिडकीशी उभा होतो. मार्करनं माझ्याकडे पाहिलं आणि नजर लगेच कारागिराकडे वळवली.

संध्याकाळी मंडळी गेल्यावर तो इस्त्री पुसत म्हणाला, "सेक्रेटरीसायेब, ते तोफंतलं अस्तर..."

"हो चाचा. माझ्या लक्षात आलं."

"तुमाला ठावं नसंल."

"नव्हतं हो. शप्पथ."

"मग सांगून टाका. चूक हाय ती. उसवून दिलं तर दोन गाद्या तरी व्हत्याल त्यातून. बाकीचं मागवतील."

"रविवारी सभा आहे. सांगतो."

"सांगा. न्हाईतर बोट माज्याकडं येनार."

"छे, तुमच्याकडे कसं येईल?"

चाळीस वर्षं बड्या लोकांच्या घरात वावरलेला माणूस, आणि मी त्याला सांगत होतो कसं येईल.

रविवारी सकाळी सभा भरली. मी घरून वाक्य पाठ करून आलो होतो: एक गैरसमज झाला आहे आणि तो माझ्याकडून झाला आहे. तोफ माझ्या खुर्चीला टेकवून ठेवली होती, कारण तीच उघडून दाखवायची होती. अध्यक्षांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "आपल्यात एक चोर आहे."

त्यांनी गैरप्रकार म्हटलं असतं, नुकसान म्हटलं असतं, तर मी कदाचित उठलो असतो. चोर म्हटल्यावर त्या शब्दाखाली जाऊन उभं राहायला मला जमेना. मी मान खाली घातली आणि लिहिलं: अध्यक्षांनी प्रास्ताविक केले.

कंत्राटदार म्हणाले, "यात शोधायचंय काय? कापडाची चटक कोणाला आहे ते परंदवडीच्या पारावर बसलंय."

"जुनं देतो आपण त्याला," डॉक्टर म्हणाले.

"आज जुनं, उद्या नवं. सवय लागते."

एक वकील म्हणाले, किल्ली तर सेक्रेटरीकडे असते. दुसरे वकील हसून म्हणाले, "मग काय आमचे सेक्रेटरी हिरवी बंडी घालून पावत्या फाडतात?" सगळे हसले. मी त्यांच्याहून जास्त वेळ हसलो.

मार्करला बोलावलं. तो दाराशी उभा राहिला. अध्यक्षांनी विचारलं, पट्टी कुठं आहे? त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्यानं मला जेवढा वेळ दिला तेवढा मला आयुष्यात कोणी दिला नाही. मग तो म्हणाला,

"कापड ह्या सायेबांच्या तोफंत हाय. अस्तर लावलंय त्यांनी. चुकून लावलंय. उगडून बगा."

मग अध्यक्ष हसले. "सेक्रेटरी, उघडा हो. एकदाचं दाखवा याला."

मी तोफ मांडीवर घेतली. तळ जमिनीला टेकवला नाही. थाप मारली नाही. नुसतं झाकण धरून ओढलं. दात आवळले, मान ताठ केली, तोंड लाल केलं. ते आणखी आवळलं. मला ठाऊक होतं ते आवळणार.

"अडकलंय," मी म्हणालो. "ओल फार आहे."

डॉक्टरांनी ओढून पाहिलं. कंत्राटदारांनी ओढून पाहिलं आणि म्हणाले, हातोडी आणू का? अध्यक्ष म्हणाले, "याच्या शब्दावर भल्या माणसाची वस्तू फोडायची?"

"फोडायला कशाला पायजे?" मार्कर दोन पावलं पुढं आला. "द्या हिकडं. रोज मीच उगडतो."

"हात लावू नकोस," अध्यक्ष म्हणाले. "जागेवर उभा राहा."

तो थांबला. मग मला म्हणाला, "थाप मारा की सायेब. तुमाला येतंय ते."

मी डॉक्टरांकडे बघत होतो.

ठराव माझ्याच हातानं लिहिला. क्लबाच्या नव्या कापडाचा अपहार केल्याबद्दल व त्याबाबत एका प्रतिष्ठित सभासदावर खोटा आळ घेतल्याबद्दल मार्कर यांस कामावरून दूर करण्यात येत आहे. सर्वानुमते. "यांस" हा आदर मी आपण होऊन घातला होता. अध्यक्षांनी तो खोडून "यास" केलं. त्या आठवड्यात माझ्या अक्षराचं पुन्हा एकदा कौतुक झालं.

मार्करनं दुसऱ्या दिवशी खोली सोडली. जुनं कापड त्याला दिलं नाही. गाद्यांची पट्टी त्या साली आलीच नाही, त्यामुळे दिवाळीच्या सामन्यांना टेबलाचा मधला भाग कोवळ्या भातासारखा आणि कडा वाळल्या शेवाळासारख्या. नवा मार्कर शेगडी ठेवायला विसरे. आमचे चेंडू आता मोकळेपणानं वाकडे जाऊ लागले, आणि कापडाला दोष देण्याची सोय झाली म्हणून मंडळी खूश होती. माझा क्यू मात्र त्या बंद नळकांड्यात ओल धरून धनुष्यासारखा वाकला. पावसापासून वाचवायला मी त्याच्यासाठी जे जे केलं होतं, त्यानंच तो वाकला. मला त्याचं वाईट वाटलं नाही. वाईट वाटायला तेवढी जागा शिल्लक नव्हती.

कार्तिकात एका दुपारी मार्कर माल कचेरीच्या खिडकीशी आला. नमस्कार नाही, रागावणं नाही.

"पुन्यात लष्करात येका क्लबात मार्करची जागा हाय," तो म्हणाला. "ते दाखला मागत्यात. मागच्या ठिकानचा. तुमी सेक्रेटरी हाय."

"देतो की," मी म्हणालो. मला इतकं हलकं वाटलं की मी त्याच्यासाठी चहा मागवला. त्यानं तो घेतला नाही. मी क्लबाच्या कागदावर इंग्रजीत दाखला लिहिला: इतकी वर्षं काम केलं, कामात निपुण, वक्तशीर, निर्व्यसनी, टेबलाची उत्तम निगा राखतो. खाली सही आणि शिक्का.

चार दिवसांनी तो परत आला आणि कागद खिडकीतून आत सारला.

"तळेगावच्या मास्तरांनी वाचला. तीनदा वाचला. म्हनले, सगळं लिवलंय, पन प्रामाणिक हाय असं कुटं न्हाई. ते नसलं तर बाकीचं कुनी बगत न्हाई."

तो शब्द मी विसरलो नव्हतो. लिहायला घेतला होता. पण ठराववहीत एक आणि दाखल्यात दुसरं, पुण्याहून चौकशी आली तर काय, म्हणून टाक उचलला आणि पुढचा शब्द लिहिला. माझ्या चोरीचा आळ ज्याच्यावर आला, त्या माणसाची मी निर्व्यसनी म्हणून बोळवण केली होती.

"आता लिहितो," मी म्हणालो.

"लिवू नका. तुमचा कागद नको मला." तो खिडकीवर वाकला. "तुमी सोता या. तोंडानं सांगा."

"मला रजा..."

"रईवारी सुट्टी असती तुमची."

रविवारी सकाळच्या गाडीनं मी निघालो. तो तळेगावला चढला. डब्यात समोर बसला, पण बोलला नाही. मी दोन वेळा थंडीचा विषय काढला. दोन्ही वेळा त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. तोफ आणू का म्हणून मी निरोपात विचारलं होतं, तर त्यानं, "ते नळकांडं घेऊन गाडीत बसू नका, लोक हसत्याल," एवढंच कळवलं होतं.

पुण्याच्या लष्कर भागातला तो क्लब दगडी, मोठा. तिथले सेक्रेटरी किरकोळ अंगाचे गृहस्थ होते, चष्म्याच्या वरून बघणारे. व्हरांड्यात त्यांनी आम्हा दोघांना उभंच ठेवलं. मला त्याची सवय होती, पण मार्करच्या शेजारी उभं राहायची नव्हती. मी सांगितलं. पट्टी मी घेतली, अस्तर लावलं, सभेत झाकण मुद्दाम उघडलं नाही, ठराव लिहिला, दाखला अपुरा दिला. इंग्रजीत सांगायला लागलो तेव्हा मार्कर म्हणाला, "मराठीत सांगा. मला पन कळूं द्या."

ऐकून झाल्यावर त्या गृहस्थांनी विचारलं, "मग हा कामावरून गेला."

"हो."

"आणि तुम्ही?"

"मी काय?"

"तुम्ही अजून तिथं सेक्रेटरी आहात?"

"हो."

ते म्हणाले, "बरं आहे. मला मार्करच हवाय. सेक्रेटरी नकोय." त्यांनी चाचाला आत नेलं, कापडावरून इस्त्री फिरवून दाखवायला सांगितलं. दारातून मला दिसत होतं. इस्त्री एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एकाच दिशेनं. परत येताना ती उचलून आणायची, ओढायची नाही. बाहेर आले तेव्हा त्याला महिनाभराच्या बोलीवर ठेवलं होतं.

पायऱ्यांवर मी म्हणालो, "झालं चाचा. सांगितलं मी."

"हितं सांगितलं," तो म्हणाला. "हितं तुमाला कोन वळखतंय? परंदवडीत मला चोर म्हंत्यात. सुनेच्या माहेरी कळलंय. ज्यांच्या अंगावर बंड्या हायत त्ये म्हातारे बंड्या घालंनात. लोनावळ्यात कवा सांगताय?"

"सांगतो."

"कवा?"

"पुढच्या सभेत."

त्यानं मान हलवली, होकारासाठी की कशासाठी ते मला कळलं नाही, आणि आत गेला. मी एकटा स्टेशनाकडे चालत गेलो. खरं बोललो म्हणून वाटेत मिठाई घेतली. घरी दिली. बायकोनं विचारलं, कशाची? मी म्हणालो, अशीच.

पुढच्या सभेत चहाच्या खर्चावरून वाद झाला. त्याच्या पुढच्या सभेला अध्यक्षांची तब्येत बरी नव्हती. मग उन्हाळा आला. मी आणखी दोन वर्षं सेक्रेटरी होतो. ते पद सोडताना मला हार घातला, आणि कंत्राटदार बोलले की अशी निष्ठा आजकाल मिळत नाही. पुढं अध्यक्ष वारले. शोकसभेत मी त्यांच्यावर बोललो, आणि चांगलं बोललो असं सगळे म्हणाले. चाचा पुण्यातच सात-आठ वर्षांनी वारला, हे मला तळेगावहून माल सोडवायला आलेल्या एका माणसाकडून कळलं. शेवटपर्यंत त्या क्लबात होता. गावी फार येत नसे.

आता पन्नाशी उलटल्यावर हे लिहितो आहे. परंदवडीचा मार्कर चोर नव्हता. कापड मी घेतलं, झाकण मी मुद्दाम उघडलं नाही. लिहिताना सगळ्यांची नावं गाळली, कोणाची बदनामी नको म्हणून. मार्करचं नाव गाळून काही बिघडत नाही, परंदवडीचा बिलियर्डचा मार्कर तो एकच होता, ज्यांनी ओळखायचं ते ओळखतील. माझं नाव मात्र लिहायला हवं होतं.